मांजर विंचरू देत नाही

मांजर उंदीर मारते, आपले धान्य राखते. पण अंगाला फणी लावली, की फिसकारते. का बरे? केसांची जट ओढली, की त्याला दुखते. म्हणून आपण बळजोरी करू नये. पोट भरून ते सुस्तावले, की हळूच विंचरावे. शेपटी आपटू लागले, की थांबावे. जट कात्रीने कापू नये. पातळ कातडीही कापली जाते. ती बोटांनी सोडवावी. नखाचे नुसते टोक कापावे. आत रक्त असते.

तरीही मांजर चावले, बोचकारले, तर आपण हळद-चुना भरत बसू नये. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. लगेच दवाखाना गाठावा. पिसाळरोग कुत्र्यासारखा मांजरापासूनही होतो. रोग दिसू लागल्यावर उपाय नाही. वेळेवर सुया टोचून घेतल्या, तर जीव वाचतो.