आधी चावी, मग पाना

नळाची तोटी गळते आहे, आतला वायसर झिजला आहे, काम दोन मिनिटांचे आहे. हे दोन मिनिटांचे काम करताना तेल्हारा तालुक्यातल्या एका शाळेत आमची जी फजिती झाली, ती आधी सांगतो.

त्या दिवशी नळाला पाणी येण्याची पाळी नव्हती. पाळी नाही म्हणजे नळ कोरडा, असे धरून आम्ही तोटी काढली. पण ती तोटी थेट नळावर नव्हती, गच्चीवरच्या टाकीला जोडलेली होती. तोटी हातात आली आणि मागोमाग धार अंगावर. टाकीखालची चावी फिरवायला गेलो तर ती क्षार साचून घट्ट बसलेली. शेवटी नळाच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबला. तोवर टाकी निम्मी झाली होती आणि पुढची पाळी दोन दिवसांवर होती.

आमच्या भागात ही चूक महागात पडते. तेल्हाऱ्याच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला पूर्णा नदी. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या विहिरींचे पाणी खारट. वान नदीवर वारी येथे बांधलेल्या धरणाचे गोडे पाणी नळाने गावोगावी येते, म्हणून त्याची किंमत मोठी.

धार किती जोराची?

पाण्याचा दाब टाकीच्या आकारावर नव्हे, तर उंचीवर अवलंबून असतो. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम भरतो. आपल्या टाकीतले पाणी तोटीपासून ५ मीटर उंच आहे असे समजू. म्हणजे दाब अर्धा किलोग्रॅम. नळाचा आतला व्यास १५ मिलिमीटर असेल, तर त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १.७७ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की बळ येते जवळजवळ ९०० ग्रॅम. एवढे पाणी अंगठ्याने दाबून धरता येते, पण मग पाना धरायला हात उरत नाही!

किती पाणी वाया जाईल, हे बादली आणि घड्याळ घेऊन मोजता येते. १० लिटरची बादली ३० सेकंदांत भरली, तर मिनिटाला २० लिटर. या वेगाने १००० लिटरची टाकी तासाभरात रिकामी होईल. बाजारात जाऊन नवा वायसर आणायला तेवढाच वेळ लागतो.

कोणती चावी कशाची?

शाळेत बहुधा दोन वेगळ्या जोडण्या असतात. एक रस्त्यावरच्या नळातून थेट येणारी, दुसरी टाकीतून उतरणारी. टाकीची जोडणी रात्रंदिवस भरलेली असते. थेट जोडणी पाळीपुरती भरते, पण पाणी अवेळीही येऊ शकते. शिवाय पुरवठा थांबून नळ उताराकडे रिकामा होऊ लागला की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. अशा वेळी उघडे तोंड डबक्यात बुडालेले असेल, तर नळ घाण पाणी आत ओढून घेतो. म्हणून पाळी नसली तरी चावी बंद करायची, आणि काम अर्धवट सोडताना नळाला बूच लावायचे.

चाव्याही दोन प्रकारच्या. गोल चाकाच्या चावीत एक पट्टी बरेच आटे फिरवल्यावर खाली उतरते. दांडीच्या चावीत भोक असलेला गोळा असतो आणि तो पाव फेऱ्यात बंद होतो. दांडी नळाला समांतर असेल तर चावी उघडी, आडवी असेल तर बंद.

बंद केली, तरी पाणी?

चावी बंद केल्यावर खालची तोटी सोडून पाहावी. थोडे पाणी येईल आणि धार थांबेल. पण नळ रिकामा झाला असे समजू नका. वरून हवा आत शिरली नाही, तर बाहेरच्या हवेचा दाब नळातले बरेच पाणी तोलून धरू शकतो. वरच्या मजल्यावरची एखादी तोटी उघडा, अडलेले पाणी वाहू लागेल.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाजवळ बारीक भोक पाडा, पाणी भरा आणि झाकण घट्ट लावा. धार लवकरच थांबते. झाकण सैल करा, धार पुन्हा सुरू. बाटलीचे झाकण म्हणजेच आपली वरची तोटी.

पाण्याबरोबर विजेकडेही लक्ष हवे. टाकी भरणारी मोटर आणि पाणी तापवणारा गिझर आधी बंद करावा.

उघडताना सावकाश

दुरुस्ती झाली की चावी हळूहळू उघडावी, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. बंद करतानाही घाई नको. वाहते पाणी एकदम अडवले की त्याचा वेग दाबात बदलतो आणि नळ ठणठणतात. निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९७-९८ साली मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर याचे प्रयोग केले. सेकंदाला १ मीटर वेगाने लांब लोखंडी नळातून वाहणारे पाणी क्षणात थांबवले, तर दाब वातावरणाच्या दहा-बारा पट वाढतो. अशाने जुने सांधे निखळतात.

आमची चावी घट्ट बसली, कारण ती वर्षानुवर्षे कुणी फिरवलीच नव्हती. आता दर दोन महिन्यांनी आम्ही शाळेतली प्रत्येक चावी पूर्ण बंद करून पुन्हा पूर्ण उघडतो. आठवीच्या मुलांनी नळांचा नकाशा काढला आणि कोणती चावी कोणत्या तोट्यांची, याच्या चिठ्ठ्या लावल्या. तुमच्या शाळेतही हा उपक्रम करून पाहा. नकाशा काढताना मुलांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: सगळे पाणी एकदम बंद करायचे असेल, तर हात कुठे घालायचा? त्याचे उत्तर आम्हा शिक्षकांपैकी एकालाही देता आले नाही. मुलांनी ते शोधून काढले.