सर्पेंटाइन पट्टा

सर्पेंटाइन पट्टा किंवा सर्पाकृती पट्टा हा मोटारगाडीच्या इंजिनावरील अल्टरनेटर, वॉटर पंप, पॉवर स्टिअरिंगचा पंप, वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर इत्यादी साहाय्यक यंत्रे एकाच वेळी फिरवणारा अखंड रबरी पट्टा होय. अनेक पुलींना कधी कंगोऱ्यांच्या, तर कधी सपाट पाठीच्या बाजूने वळसे घालत तो नागमोडी जातो. त्यावरून हे नाव पडले. गॅरेजच्या बोलीत त्याला मल्टी-रिब बेल्ट असेही म्हणतात. जुन्या इंजिनावरील व्ही-पट्टे काढून त्यांच्या जागी असा एकच पट्टा बसवणे म्हणजे सर्पेंटाइन रूपांतर होय. इंजिनातील झडपांची वेळ राखणारा टायमिंग पट्टा हा याहून वेगळा भाग आहे.

## पार्श्वभूमी

रबरी व्ही-पट्टा अमेरिकेतील जॉन गेट्स यांनी १९१७ साली विकसित केला. त्याचा छेद समलंब चौकोनी असून तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो. पुढील अनेक दशके मोटारगाड्यांत हाच पट्टा वापरात होता. यंत्रे वाढली तशी पट्ट्यांची संख्याही वाढली. पट्टे एकापुढे एक बसवावे लागल्याने इंजिनाची लांबी वाढे आणि आतला पट्टा बदलताना बाहेरचे सर्व काढावे लागत. सर्व यंत्रे एकाच पट्ट्यावर आणणारी रचना १९७९ सालच्या फोर्ड मस्टँग गाडीत आली व नंतर ती सर्वत्र रूढ झाली.

भारतात दीर्घकाळ चाललेल्या गाड्या याआधीच्या पिढीतील होत्या. मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी प्रीमियर पद्मिनी आणि २०१४ सालापर्यंत उत्पादनात असलेली हिंदुस्तान ॲम्बॅसेडर या मूळच्या व्ही-पट्ट्याच्या गाड्या होत. पद्मिनीच्या १,०८९ घनसेंमी इंजिनावर क्रँकशाफ्ट, पंखा-वॉटर पंप आणि डायनॅमो अशा तीन पुलींचा त्रिकोण असून त्यावर एकच ‘फॅन बेल्ट’ फिरतो.

## रचना

सर्पेंटाइन पट्ट्याच्या आतील बाजूस लांबीच्या दिशेने जाणारे कंगोरे असतात. वाहनांसाठीच्या पीके या प्रकारात दोन लगतच्या कंगोऱ्यांमधील अंतर ३.५६ मिमी असते. पट्ट्यावरील ‘६पीके१२००’ या खुणेचा अर्थ सहा कंगोरे व १,२०० मिमी परिणामी लांबी असा होतो. पट्ट्यातील ताण बहुधा पॉलिएस्टरचे दोर पेलतात. रबर पूर्वी निओप्रीनचे असे. आता ते प्रामुख्याने ईपीडीएम प्रकारचे असते. ईपीडीएम पट्टा झिजला तरी त्याला सहसा भेगा पडत नाहीत. त्यामुळे तो नुसता पाहून पारखता येत नाही, कंगोऱ्यांची झीज मापकाने तपासावी लागते.

पुलीच्या खाचेचा कोन ४० अंश असतो. पाचरीच्या परिणामामुळे खाचेतील पकड सपाट पृष्ठभागाच्या तुलनेत सुमारे २.९ पट भासते. पट्ट्याची सपाट पाठ ज्या पुलीला फिरवते तिथे हा लाभ मिळत नाही. म्हणून तिथे पट्ट्याचा वेढा अधिक ठेवावा लागतो. जाड व्ही-पट्टा लहान पुलीवर वळताना तापतो आणि उलट बाजूने वाकवता येत नाही. पातळ सर्पेंटाइन पट्टा दोन्ही बाजूंनी वळतो.

## जुन्या इंजिनाचे रूपांतर

### रूपांतर केव्हा उपयोगी

पद्मिनीसारख्या तीन पुलींच्या इंजिनावर मुळात एकच पट्टा असतो. तिथे रूपांतर केल्याने पट्ट्यांची संख्या घटत नाही. खर्च मात्र वाढतो. वातानुकूलन, पॉवर स्टिअरिंग किंवा मोठ्या क्षमतेचा अल्टरनेटर नव्याने बसवायचा असेल, तरच एकत्रित पट्ट्याचा खरा लाभ मिळतो. वाढीव भार व्ही-पट्ट्यावर घसरण्याचा संभव असतो. तो टाळण्यासाठी पट्टा फार ताणल्यास वॉटर पंपाचे बेअरिंग लवकर झिजते.

### पुली आणि रेषा

क्रँकशाफ्ट, वॉटर पंप, अल्टरनेटर आणि कॉम्प्रेसर या सर्वांच्या पुली एकाच कंगोरा-मापाच्या व एकाच प्रतलात असाव्या लागतात. थोडीही तिरपी पुली कंगोऱ्यांची एक बाजू खाते आणि पट्टा आवाज करू लागतो. सर्व यंत्रे इंजिनालाच जोडलेली असणे आवश्यक असते, कारण इंजिन आपल्या रबरी आधारांवर हलते. सांगाड्याला जोडलेले यंत्र त्याबरोबर हलत नाही.

अनेक जुन्या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या पुलीवरच ठिणगीच्या वेळेची खूण असते. काहींमध्ये ती पुली कंपनशामकाचेही काम करते, तर काहींमध्ये तिच्या मध्यभागी हँडल मारून गाडी सुरू करण्याचा दातेरी नट असतो. नवी पुली घडवताना ही कामे जपावी लागतात.

### फिरण्याची दिशा

पट्ट्याच्या पाठीने फिरणारे यंत्र क्रँकशाफ्टच्या उलट दिशेने फिरते. जुना वॉटर पंप अशा पुलीवर आला तर त्याची पाती उलटी फिरून पाण्याचा प्रवाह घटतो आणि त्याच्या दांड्यावरील पंखाही वारा उलट दिशेने ढकलतो. पट्टा व्यवस्थित फिरत असूनही इंजिन तापू लागते. म्हणून जुना पंप कंगोऱ्यांच्या बाजूनेच फिरवावा लागतो किंवा उलट फिरणारा पंप वापरावा लागतो.

### ताण

व्ही-पट्ट्याचा ताण डायनॅमो सरकवून हाताने लावला जातो. लांब सर्पेंटाइन पट्ट्यासाठी स्प्रिंगचा स्वयंचलित टेन्शनर वापरतात. तो पट्ट्याच्या सैल भागावर, म्हणजे क्रँकशाफ्टच्या पुलीवरून बाहेर पडणाऱ्या भागावर बसवतात. ज्या पुलीवर वेढा अपुरा पडतो तिच्याजवळ आयडलर पुली देऊन तो वाढवला जातो.

### वेग आणि विद्युतजोडणी

क्रँकशाफ्टची पुली १५० मिमी व अल्टरनेटरची ६० मिमी असेल, तर अल्टरनेटर इंजिनाच्या २.५ पट वेगाने फिरतो. इंजिनाच्या ८०० फेऱ्यांना तो २,००० फेऱ्या करतो. मंद गतीत पुरेशी वीज न देणाऱ्या डायनॅमोच्या जागी म्हणूनच बहुधा अल्टरनेटर बसवतात. तेव्हा डायनॅमोचा जुना रेग्युलेटर काढून जाड तारा टाकाव्या लागतात. काही जुन्या ब्रिटिश रचनेच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. तशीच जोडणी ठेवून आजचा सामान्य अल्टरनेटर जोडल्यास त्यातील डायोड जळतात.

## लाभ व मर्यादा

एकत्रित पट्ट्यामुळे जागा वाचते, ताण स्थिर राहतो आणि पट्टा बदलणे सोपे होते. मात्र सर्व यंत्रांचे भवितव्य एकाच पट्ट्यावर अवलंबून राहते. स्वतंत्र पट्ट्यांच्या रचनेत कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला तरी वॉटर पंप चालू राहतो. सर्पेंटाइन पट्टा तुटल्यास चार्जिंग, पॉवर स्टिअरिंग आणि पट्ट्यावर चालणारा पंप एकदमच थांबतात. कोणत्याही एका यंत्राचे बेअरिंग जाम झाले तरी हाच परिणाम होतो. चार्जिंगचा दिवा लागताच इंजिन बंद न केल्यास हेड गॅस्केट जळण्याचा व सिलिंडर हेड वाकण्याचा धोका असतो.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या कोरड्या, धुळीच्या रस्त्यांवर खाचांत माती व खडे अडकून कंगोरे लवकर झिजू शकतात. कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर माळशेज घाटासारखी चढणही आहे. अशा चढणीवर शीतकरण थांबल्यास इंजिन अल्पावधीत तापते. म्हणून रूपांतर करताना प्रचलित गाडीच्या मापाचा, तालुक्याच्या गावीही मिळेल असा पट्टा निवडणे आणि एक जादा पट्टा गाडीत ठेवणे इष्ट ठरते. कॉम्प्रेसर वगळून जाणारा आखूड पट्टा सोबत असल्यास, आणि पुलींची मांडणी त्यास अनुकूल असल्यास, कॉम्प्रेसर जाम झाला तरी गाडी घरी आणता येते.

## कायदा आणि चाचणी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल वाहनात करता येत नाही. पट्टा व पुली बदलल्याने इंजिन क्रमांक किंवा घनक्षमता बदलत नाही; संपूर्ण इंजिन बदलण्यास मात्र नोंदणी प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनी व्हिंटेज वाहनाची व्याख्या केली. त्यानुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने या वर्गात येतात. अशा गाडीचे मूळ भाग जपून ठेवणे व मूळ इंजिनाला नवी भोके न पाडता ब्रॅकेट बसवणे म्हणून महत्त्वाचे ठरते.

अहिल्यानगर येथील संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था ही केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ खाली वाहनांच्या आद्यनमुन्यांची चाचणी करणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एक आहे. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही दुसरी. ही चाचणी उत्पादकाच्या आद्यनमुन्याची असते. गॅरेजमध्ये रूपांतरित केलेल्या एकेका जुन्या गाडीचा पट्टा त्या कसोटीतून जात नाही. त्याची रेषा, ताण आणि शीतकरण तपासण्याची जबाबदारी कारागीर व मालक यांच्यावरच राहते. त्यासाठी रूपांतरानंतर वातानुकूलन व दिवे चालू ठेवून, प्रथम उभ्या गाडीवर व नंतर चढावर, तापमान आणि चार्जिंग तपासले जाते. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पुलींची रेषा पुन्हा पाहिली जाते.