पाळी जाण्याचे दिवस : अंगावर काढू नका, घाबरूनही जाऊ नका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्याच एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते भरून झाले आणि कर्जमागणीचा विषय निघाला. पंचेचाळिशीच्या एका ताईनं ३५ हजार रुपये मागितले. अध्यक्षताईनं रीतीप्रमाणं विचारलं, "कशासाठी?" ताई खाली मान घालून म्हणाली, "पिशवी काढायची हाय."

सगळ्या गप्प झाल्या. मग एकीनं विचारलं, "पण होतंय काय गं तुला?" ताई सांगू लागली. पाळीचा मेळ राहिला नाही. कधी दोन-दोन महिने येत नाही, आली की आठ दिवस थांबत नाही. रात्री अंगातून जाळ निघतो, पोलकं भिजून जातं. झोप नाही. लेकरांवर उगाच खेकसते, मग एकटीच रडते. सासू म्हणते, बाहेरचं काहीतरी झालंय. शेजारीण म्हणते, पिशवी खराब झाली असंल, काढून टाक म्हंजी सुटशील.

त्या बैठकीत बारा जणी होत्या. त्यातल्या पाच जणी हळूच म्हणाल्या, "आम्हालाबी असंच होतंय." दर महिन्याला मांडीला मांडी लावून बसणाऱ्या या बायकांनी ही गोष्ट एकमेकींना कधीच सांगितली नव्हती. म्हणून हा लेख.

हे नेमकं काय असतं?

जशी पाळी सुरू होते, तशीच ती एक दिवस बंद होते. हा आजार नाही. बीजकोश थकत जातात आणि शरीरातलं इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक कमी होतं. ते एका झटक्यात कमी होत नाही, वर-खाली होत होत कमी होतं. म्हणून पाळी पूर्ण जाण्याआधीची काही वर्षं शरीराची ओढाताण होते. चाळिशीनंतर हा काळ कधीही सुरू होतो आणि बहुतेकींचा चार ते सात वर्षं चालतो.

सलग बारा महिने पाळी आली नाही, की पाळी गेली असं समजायचं. त्यालाच रजोनिवृत्ती म्हणतात. आपल्या देशात बायकांची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. कुणाची पंचेचाळिशीच्या आत, कुणाची पन्नाशीनंतर. चाळिशीच्या आतच बंद झाली, तर मात्र डॉक्टरांना दाखवलंच पाहिजे.

आणि हो, पाळी लांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं नाही. ऑपरेशन झालेलं नसेल, तर पाळी जाऊन किमान एक वर्ष होईपर्यंत काळजी घ्यावी. पन्नाशीच्या आत पाळी गेली असेल, तर दोन वर्षं.

ओळखायचं कसं?

पाळी पुढं-मागं होते, कमी-जास्त होते. छातीपासून मानेवर आणि तोंडावर गरम वाफ चढते, घाम फुटतो, मग एकदम थंडी वाजते. अशी वाफ एक ते पाच मिनिटं राहते. परभणीच्या मे महिन्यात कुणाला काय कळणार, ऊन बाहेरचं का अंगातलं! पण पौषातल्या पहाटे सगळं घर गोधडीत असताना तुम्ही एकटीच गोधडी फेकून देत असाल, तर ते ऊन नाही, हीच वाफ आहे.

याशिवाय झोप मोडते, छातीत धडधडतं, सांधे धरतात, विसरायला होतं, चिडचिड होते, उदास वाटतं. लघवीच्या जागी कोरडेपणा आणि जळजळ होते, नवऱ्याजवळ जाताना दुखतं. खोकलं, हसलं किंवा पाण्याचा हंडा उचलला की थेंबभर लघवी होते. सगळ्या जणींना सगळंच होत नाही. काही जणींना काहीच त्रास होत नाही.

हे बाहेरचं नाही. यावर अंगारा-धुपारा नाही. पण थायरॉइड आणि रक्त कमी असणं यांचीही लक्षणं अशीच दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणून 'वयामुळं होतंय' म्हणून सोडून न देता एकदा तपासणी करून घ्यावी.

हे दिसलं तर थांबायचं नाही

• पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी एक डाग जरी दिसला तरी.
• तासा-तासाला कपडा किंवा पॅड बदलावं लागतंय, मोठ्या गाठी पडतायत.
• सात दिवसांपेक्षा जास्त रक्त जातंय, किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये जातंय.
• संबंधानंतर रक्त जातंय, घाण वासाचं पाणी जातंय.
• स्तनात गाठ लागतेय.

यातलं काही असलं तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. रक्त खूपच जात असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी. खुरपणी संपू द्या, वेचणी होऊ द्या, असं म्हणू नका. प्रत्येक वेळी कॅन्सरच असतो असं नाही, पण असला तर लवकर सापडलेला बरा होतो.

पिशवी काढणं हा पाळी जाण्याचा उपाय नाही

आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात काय झालं ते आठवा. २०१९ साली राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आपल्या गंगाखेड, सोनपेठकडूनही बायका कोयता घेऊन जातात. म्हणून हे आपल्यापासून लांबचं नाही.

पिशवीसोबत बीजकोशही काढले, तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम आणि जोरात सुरू होतात. हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयाच्या आजाराचा धोका वाढतो. नुसती पिशवी काढली तरी बीजकोश लवकर थकू शकतात. म्हणजे ज्या वाफांपासून सुटायला ऑपरेशन केलं, त्याच वाफा वाढून परत येतात, वर कर्जाचा हप्ता.

काही वेळा ऑपरेशन खरंच लागतं. कॅन्सर, मोठ्या गाठी, पिशवी बाहेर येणं, औषधानं न थांबणारं रक्त ही त्याची कारणं. पण आधी डॉक्टरांना विचारा : माझा आजार कोणता? तो कोणत्या तपासणीत दिसला? आधी औषध घेऊन बघता येईल का? बीजकोश ठेवणार का? सोनोग्राफीचा कागद आपल्याकडं ठेवा आणि सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. ज्या ऑपरेशनची घाई नाही, ते आठ दिवस थांबू शकतं.

घरच्या घरी काय करता येईल?

वाफांसाठी : सुती कपडे घाला, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा. चहा आणि तिखट कमी करून बघा. वाफ आली की चुलीपासून उठा, सावलीत बसा आणि हळूहळू लांब श्वास घ्या.

हाडांसाठी आणि रक्तासाठी : घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची सवय आता सोडा. रोज वाटीभर दही किंवा ताक, भाकरीबरोबर तिळाची चटणी, शेवग्याचा पाला, हरभरा, जमेल तेव्हा अंडं. भाजीवर लिंबू पिळा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी नको, एक सकाळी, एक रात्री. मिश्री, तंबाखू सोडाच.

लघवीसाठी : लघवी रोखताना आवळतो तसं आवळून पाच मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. स्वयंपाक करतानाही होतं, कुणाला कळतसुद्धा नाही. कोरडेपणासाठी डॉक्टर क्रीम देतात, विचारायला लाजू नका.

त्रास फारच असेल तर संप्रेरकांच्या गोळ्या असतात. पण त्या सगळ्यांना चालत नाहीत, म्हणून मेडिकलवरून परस्पर आणू नका. तपासून डॉक्टरच ठरवतील.

मनासाठी : बोला. दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या नंबरवर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

गटानं काय करायचं?

पहिलं, पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्यानं वाचा. दुसरं, चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकीनं कॅलेंडरवर पाळीच्या तारखेला खूण करायची. किती दिवस गेलं, वाफा किती आल्या, तेही लिहायचं. लिहिता येत नसेल तर लेकीकडून लिहून घ्या. डॉक्टरांना हाच कागद सगळ्यात जास्त कामाला येतो. तिसरं, आशाताईला बैठकीला बोलवा आणि चार-पाच जणी मिळून आयुष्मान आरोग्य मंदिरात जा. तिशीच्या पुढच्यांची बीपी, शुगर, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी तिथं मोफत असते. चौथं, पिशवीच्या ऑपरेशनसाठी कर्जमागणी आली, तर पैसे नाकारू नका. पण दुसरं मत घेतलं का, एवढं जरूर विचारा.

त्या ताईचं काय झालं? सीआरपी ताई तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. सोनोग्राफीत पिशवी चांगली निघाली. रक्त मात्र ८ वर आलं होतं. गोळ्या सुरू झाल्या, जास्तीचं रक्त औषधानं आटोक्यात आलं. कर्ज लागलं नाही. वाफा अजून येतात. पण परवाच्या बैठकीत वाफ आली तशी ती पदरानं वारा घेत म्हणाली, "थांबा गं, माझा उन्हाळा आला." सगळ्या हसल्या. एकीनं उठून खिडकी उघडली, दुसरीनं पाणी दिलं आणि बैठक पुढं सुरू झाली.