मंडेला हरले तो दिवस

२२ सप्टेंबर १९९५ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला यांचे आदेश रद्द ठरवले. दाद मागितली होती पश्चिम केप प्रांताच्या सरकारने. तिथे सत्ता होती नॅशनल पार्टीची, म्हणजे ज्या पक्षाने वर्णभेद कायद्यात बसवला आणि ज्याच्या राजवटीत मंडेलांची सत्तावीस वर्षं तुरुंगात गेली, त्याच पक्षाची. आणि न्यायालयाचे प्रमुख होते आर्थर चास्कलसन. रिव्होनिया खटल्यात मंडेलांच्या मानेवर फाशीची टांगती तलवार होती, तेव्हा त्यांच्या बचावाला उभ्या राहिलेल्या वकिलांपैकी ते एक. त्यांना या पदावर नेमलंही मंडेलांनीच.

वाद तसा रुक्ष होता. पहिल्या सर्ववर्णीय स्थानिक निवडणुका तोंडावर आल्या होत्या आणि केपटाऊन परिसरातल्या नव्या नगरपालिकांच्या हद्दींवरून झगडा चालू होता. संसदेने राष्ट्राध्यक्षांना एक अधिकार दिला होता : संबंधित कायद्यात नुसत्या अधिसूचनेने बदल करण्याचा. मंडेलांनी तो वापरला. हेतू वाईट नव्हता. गोऱ्या वस्त्या आणि काळ्या वस्त्या वेगळ्या ठेवायचा जुना डाव मोडायचा होता. न्यायालयाने हेतूकडे पाहिलंच नाही. कायदे करणं हे संसदेचं काम आहे आणि ते तिला असं राष्ट्राध्यक्षांच्या हवाली करता येत नाही, असं सांगून दुरुस्तीसाठी तिला महिन्याभराची मुदत दिली.

मंडेलांनी त्याच दिवशी निकाल मान्य असल्याचं जाहीर केलं. न्यायालयाचा शब्द सर्वांत आधी राष्ट्राध्यक्षाने पाळला पाहिजे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेला नेता, विरोधात जुना शत्रू आणि न्यायालय जेमतेम सात महिन्यांचं. त्यांनी नुसती भुवई उंचावली असती, तरी ते न्यायालय जन्मभर दबून राहिलं असतं.

हे का महत्त्वाचं, ते वर्णभेदाच्या काळात डोकावल्याशिवाय कळत नाही. ती राजवट बेकायदा नव्हती, हीच तिची गोम. कोणी कुठे राहायचं, कोणत्या बाकावर बसायचं, कोणाशी लग्न करायचं, सगळ्याला संसदेचा रीतसर कायदा होता. मूलभूत हक्कांची सनद नव्हती, त्यामुळे संसदेला अडवणारं कोणी नव्हतं. भारतीय वंशाचे वकील इस्माईल महोमेद ब्लूमफाँटेनच्या अपील न्यायालयात युक्तिवाद करायला जात. पण त्या प्रांतात भारतीयांना रात्री मुक्काम करायची बंदी होती, म्हणून संध्याकाळी त्यांना प्रांताबाहेर पडावं लागे. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. हेच महोमेद पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले.

नव्या घटनेने न्यायालयाला संसदेचा कायदाही रद्द करण्याचा अधिकार दिला. तो पहिल्याच मोठ्या खटल्यात वापरला गेला. ६ जून १९९५ रोजी अकराच्या अकरा न्यायमूर्तींनी एकमताने फाशी घटनाबाह्य ठरवली, आणि प्रत्येकाने स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. गुन्हेगारी बोकाळलेली, लोकांचा कल फाशीकडे. चास्कलसन यांनी तो कल नाकारला नाही. पण हक्क बहुमतावर सोडायचे तर घटना कशाला हवी, असा त्यांचा रोख होता. आपल्या बच्चनसिंग खटल्याचाही त्यांनी विचार केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' गुन्ह्यापुरती फाशी राखली होती. पण आपल्या घटनेचा अनुच्छेद २१ कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने जीव घेण्याची शक्यता गृहीत धरतो आणि त्यांच्या घटनेची शब्दरचना तशी नाही, हा फरक त्यांनी नेमका पकडला.

सगळे राष्ट्राध्यक्ष मंडेला नसतात. जेकब झुमा यांच्या नकांडला इथल्या घरावर झालेल्या सरकारी खर्चातला काही भाग त्यांनी परत करावा, असं याच न्यायालयाने २०१६ मध्ये बजावलं. पुढे पायउतार झाल्यावर भ्रष्टाचाराच्या चौकशी आयोगापुढे यायला त्यांनी नकार दिला, तेव्हा जून २०२१ मध्ये न्यायालयाच्या अवमानाबद्दल पंधरा महिन्यांची कैद सुनावली. ते निकालपत्र न्या. सिसी खाम्पेपे यांचं. झुमा तुरुंगात गेले, पाठोपाठ क्वाझुलू-नाताळ आणि गौटेंगमध्ये दंगली आणि लुटालूट झाली, साडेतीनशेहून अधिक माणसं मेली. दोन महिन्यांतच झुमा आजारपणाच्या कारणावरून पॅरोलवर बाहेर आले. तरीही माजी राष्ट्राध्यक्षाला तुरुंगाचं दार दाखवणारं न्यायालय टिकून आहे, हे नोंदवलं पाहिजे.

माझ्या मते खरी अडचण वेगळीकडेच आहे. निकाल मानणं एका माणसाच्या हातात असतं. तो राबवायला लागते ती नोकरशाही, पैसा आणि इच्छा. आयरीन ग्रूटबूम यांचं प्रकरण घ्या. केपटाऊनजवळ जागेवरून हुसकून लावलेल्या नऊशे माणसांच्या वतीने त्यांचं नाव दाव्याला लागलं; त्यात मुलंच पाचशेच्या वर. घराचा हक्क कागदावर ठेवून चालणार नाही, अगदी निराधार झालेल्यांसाठी सरकारकडे योजना असलीच पाहिजे, असा निकाल २००० साली लागला. मुंबईच्या फूटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्याची आठवण आपल्याला होईलच. १९८५ च्या त्या निकालात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला गेला, पण झोपड्या पाडायला आडकाठी झाली नाही. ग्रूटबूम यांचा निकाल जगभरच्या विधी महाविद्यालयांत शिकवला जातो. त्या मात्र २००८ मध्ये झोपडीतच वारल्या.

दुसरी थकबाकी त्याहून जड आहे. सत्तांतर रक्तपाताविना व्हावं म्हणून सौदा ठरला होता : राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याचं संपूर्ण सत्य सांगा, माफी मिळेल. आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या सत्य आणि समेट आयोगापुढे सात हजारांवर अर्ज आले. वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबासह काही पीडित कुटुंबांनी माफीच्या या तरतुदीलाच आव्हान दिलं. १९९६ मध्ये महोमेद यांनीच लिहिलेल्या निकालाने ती वैध ठरवली. पण सौद्याची दुसरी बाजूही होती. जे आले नाहीत किंवा ज्यांना माफी नाकारली गेली, त्यांच्यावर खटले चालायचे होते. आयोगाने सुमारे तीनशे प्रकरणं सरकारी वकिलांकडे सोपवली आणि त्यातली बहुतेक सगळी कपाटातच राहिली.

अहमद टिमोल या भारतीय वंशाच्या शिक्षकाचा १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयावरून पडून मृत्यू झाला. 'आत्महत्या' असा शिक्का तेव्हाच्या मृत्युचौकशीत बसला. नातेवाइकांनी पिच्छा सोडला नाही. २०१७ मध्ये न्यायालयाने ती हत्याच असल्याचं ठरवलं. सुरक्षा पोलिसांतल्या एका निवृत्त कर्मचाऱ्यावर आरोप ठेवले गेले, आणि २०२१ मध्ये, खटला उभा राहण्याआधीच, तो वारला.

हे खटले कोणी आणि का दाबून ठेवले, याचा छडा लावण्यासाठी, पीडित कुटुंबांनी न्यायालयात धाव घेतल्यावर, राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी २०२५ मध्ये चौकशी आयोग नेमला. अध्यक्षपद झुमांना तुरुंगात धाडणाऱ्या खाम्पेपे यांच्याकडेच आहे. आयोग दोष कोणाचा ते सांगू शकेल. खटला चालवण्याचं काम मात्र अजूनही त्याच सरकारी वकिलांचं आहे, ज्यांनी ते वीस वर्षं केलं नाही.