गुलाबाच्या पानाला गोल कात्री

कोथरूडच्या बाल्कनीतल्या कुंडीत गुलाबाच्या पानाच्या कडेचा गोल तुकडा गायब दिसला, की आधी अळीवर संशय जातो. पण अळी पान कुरतडते, तिच्या खाण्याला अशी रेखीव कड नसते. हे काम पानकापी मधमाशीचे, शास्त्रीय नाव मेगाकायली. काळसर, केसाळ आणि एकांडी. पराग ती पायांवर नव्हे, पोटाखालच्या दाट केसांत वाहते, त्यामुळे फुलावरून उडताना तिचे पोट पिवळे दिसते.

पान ती खात नाही. जबड्याने काही सेकंदांत तुकडा कापून पोकळ काडीत, लाकडातल्या भोकात, कधी भिंतीतल्या स्क्रूच्या भोकातही नेते. लांबट तुकड्यांची पुरचुंडी, आत पराग-मधाचा गोळा, त्यावर एक अंडे, वर गोल तुकड्यांचे झाकण. अशा पुरचुंड्या एकामागे एक. अळी तो गोळा संपवून कोष विणते. मागच्या कप्प्यांत सहसा माद्या, दाराशी नर. म्हणून नर आधी बाहेर पडतात.

तिची लांबची नातलग करवतमाशी. तिला मधमाशीसारखी बारीक कंबर नसते आणि अंडी घालायला करवतीसारखा अवयव असतो. तिची अळी मात्र पान खरोखर खाते. दिसते फुलपाखराच्या सुरवंटासारखी, पण पोटाकडच्या मांसल पायांच्या सहा किंवा अधिक जोड्या. सुरवंटाला जास्तीत जास्त पाच.

पानकापीवर औषध फवारू नये. तुरीच्या फुलांचे परागीभवन करणाऱ्यांत हिचेच जातभाई मोठ्या संख्येने असतात.