एका ताऱ्याचा भरवसा

२०१९ साली अमेरिकेतील हवाई विद्यापीठाच्या संशोधकांना एक विचित्र अनुभव आला. सायनोबॅक्टेरियापासून मिळवलेल्या संयुगांची रचना ठरवण्यासाठी ते एक संगणकीय आज्ञावली वापरत होते. माहिती तीच आणि आज्ञावलीही तीच. पण संगणक बदलला की उत्तर बदलत होते. विंडोज १० वर एका चाचणीचे उत्तर १७३.२ आले, तर उबंटू लिनक्सवर ते १७२ च्या घरात गेले. शोध घेता दोष रसायनशास्त्रात नसून फोल्डरमधील फायली गोळा करणाऱ्या एका ओळीशी निगडित असल्याचे आढळले.

फायली नावाच्या साच्यावरून निवडणे हे प्रोग्रॅमिंगमधील अगदी प्राथमिक काम आहे. फोल्डरमध्ये हजारो फायली असल्या, की प्रत्येकीचे नाव सांगत बसणे शक्य नसते. त्याऐवजी नावाचा साचा सांगितला जातो आणि त्यात बसणाऱ्या सर्व फायली संगणक स्वतःच वेचून आणतो.

तीन चिन्हांची भाषा

या साच्याची भाषा मुख्यतः तीन चिन्हांची आहे. तारा, म्हणजे * हे चिन्ह, कितीही अक्षरांच्या जागी चालते. एकही अक्षर नसले तरी चालते. प्रश्नचिन्ह नेमक्या एका अक्षराची जागा घेते. चौकटी कंसात दिलेल्या पर्यायांपैकी कोणतेही एक अक्षर जुळले तरी पुरते. 'अहवाल*' असे लिहिले, की 'अहवाल' या शब्दाने सुरू होणाऱ्या सर्व फायली हाती येतात. 'अहवाल-२००[५-९]*' असे लिहिले, तर २००५ ते २००९ या पाच वर्षांच्याच येतात.

या पद्धतीचा उगम बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी घडलेल्या युनिक्स प्रणालीत आहे. तेथे या कामासाठी 'ग्लॉब' नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅम होता. 'ग्लोबल' या शब्दाचे ते लघुरूप. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील बोर्न शेलने हे काम स्वतःकडे घेतले, तरी नाव मात्र टिकले. पर्ल, पीएचपी आणि पायथन या भाषांत आजही याच नावाची सोय आहे. 'रेग्युलर एक्स्प्रेशन' हा तिचा अधिक समर्थ नातलग. तेथे मात्र तारा स्वतः कोणत्याही अक्षराची जागा घेत नाही. आधीच्या अक्षराची पुनरावृत्ती दर्शवतो. एकीचा साचा दुसरीत वापरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक.

साचा एक, अर्थ अनेक

खरी अडचण अशी, की हा साचा सर्वत्र एकसारखा वाचला जात नाही. लिनक्स इंग्रजीतील मोठी व लहान लिपी वेगवेगळी मानते. कॅमेऱ्याने मोठ्या लिपीत 'जेपीजी' लिहिले असेल, तर लहान लिपीतील साच्याला ते छायाचित्र दिसतच नाही. विंडोज सहसा हा भेद करत नाही. युनिक्सच्या परंपरेत टिंबाने सुरू होणारी नावे तारा आपण होऊन पकडत नाही. विंडोजमध्ये डॉसच्या काळातील आठ अधिक तीन अक्षरांची लघुनावे अजूनही ठेवली जात असतील, तर '*.एक्सएलएस' हा साचा 'एक्सएलएसएक्स' या नव्या प्रकारच्या फायलींनाही कवेत घेऊ शकतो. यादी पाहताना यात काही बिघडत नाही. पण जुने तक्ते पुसण्याची आज्ञा दिली असेल, तर नवेही त्यांच्याबरोबर जातात. युनिक्समध्ये तारा आणि त्यापुढील टिंब यांच्यात चुकून एक मोकळी जागा पडली, तर पुसण्याची आज्ञा फोल्डरमधील जवळजवळ सर्वच फायलींना लागू होते.

मराठी नावांची गोष्ट आणखी निराळी. 'पत्र' या शब्दात आपल्याला दोन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबी मात्र प, त, हलन्त आणि र अशी ती चार चिन्हे आहेत. त्यामुळे दोन प्रश्नचिन्हांचा साचा 'पत्र' या नावाला जुळत नाही. चार द्यावी लागतात.

क्रमाचे गृहीतक

हवाईमध्ये उघड झालेला दोष यांपैकी कशातच नव्हता. मूळ आज्ञावली २०१४ साली 'नेचर प्रोटोकॉल्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. एनएमआर या तंत्राशी संबंधित गणितासाठी ती दोन प्रकारच्या फायली गोळा करून क्रमानुसार त्यांच्या जोड्या लावत असे. फायली नेहमी नावांच्या क्रमानेच मिळतील, हे तिने गृहीत धरले होते. पायथनमधील 'ग्लॉब' मात्र अशी कोणतीही हमी देत नाही. प्रणाली ज्या क्रमाने नावे पुरवील, त्याच क्रमाने ती हाती येतात. काही संगणकांवर क्रम योगायोगाने बरोबर आला, काहींवर बिघडला आणि एका फायलीची जोडी भलतीशीच लागली. संगणकाने त्रुटीचा संदेश दिला नाही. उत्तर मात्र चुकले. या आज्ञावलीवर विसंबलेल्या शंभराहून अधिक शोधनिबंधांचे निष्कर्ष पुन्हा तपासावे लागतील, अशी चर्चा तेव्हा सुरू झाली.

उपाय एका ओळीचा होता: फायली मिळताच त्या नावांनुसार क्रमाने लावून घेणे. तेथेही एक सावधगिरी हवी. अक्षरक्रमात '१०' हे '२' च्या आधी येते; म्हणून फायलींना क्रमांक देताना '०१', '०२' अशी शून्ये आधी जोडलेली बरी. पुसण्याची किंवा हलवण्याची आज्ञा देण्यापूर्वी त्याच साच्याने आधी नुसती यादी मागवून ती डोळ्यांखालून घालणे, हा या क्षेत्रातील जुना आणि खात्रीचा शिरस्ता. साच्यात न बसलेली फाइल तक्रार करत नाही आणि चुकून बसलेलीही करत नाही. म्हणून मिळालेल्या फायलींची संख्या अपेक्षेइतकी आहे की नाही, हे पाहण्याचे काम अखेर माणसालाच करावे लागते.