बटाट्यातला शिपाई

सदरमधल्या आमच्या घरी परवा बटाटे सोलता सोलता बारावीतली नात म्हणाली, "आजोबा, मला जीवरसायनशास्त्र शिकायचंय." जन्मभर बँकेत खतावण्या तपासलेला मी, बोलून गेलो, "त्यापेक्षा बँकेची परीक्षा दे!" ती गप्प झाली. मला मात्र कमला सोहोनी आठवल्या.

१९३३ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी वर्षभर काम पाहू, या अटीवर प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम केलं आणि वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असतं, हे दाखवलं. १९३९ मध्ये त्या पीएच. डी. झाल्या.

हे सायटोक्रोम म्हणजे इवलंसं प्रथिन. श्वसनात एका विकराकडून, म्हणजे एन्झाइमकडून, इलेक्ट्रॉन घ्यायचा नि दुसऱ्याकडे पोचवायचा, एवढंच त्याचं काम. या टेबलावरचं व्हाउचर त्या टेबलावर नेणारा आमचा शिपाईच म्हणा ना! तो थांबला की सारा व्यवहार ठप्प.

रात्री नातीला म्हटलं, "अर्ज आण, मी सही करतो." आमच्या वेळी नवं खातं उघडायलाही कुणाची तरी ओळख लागायची.